परिपत्रकाची वाट बघू नका, कराराची तारीख बघा

प्रश्न विचारणाऱ्यांनी बरीच माहिती दिली आहे. नंतर वाचणाऱ्यांसाठी ती थोडक्यात सांगते. पुण्यातली नागरी सहकारी बँक, १४ शाखा, ठेवी ६२५ कोटींच्या आसपास. आयटी विभाग म्हणजे प्रश्नकर्ते आणि एक कनिष्ठ सहकारी. सीबीएस (कोअर बँकिंग, सगळ्या शाखांची खाती चालवणारी मुख्य प्रणाली) एका कंपनीकडून एएसपी पद्धतीनं घेतलेलं, म्हणजे सर्व्हर कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये आणि बँक दरमहा शाखेमागे भाडं भरते. ‘डिजिटल रेझिलियन्स’चे, म्हणजे यंत्रणा बिघडली तरी सेवा टिकवण्याचे, नवे नियम छोट्या बँकांनाही लागू होतील अशी चर्चा त्यांच्या कानावर आली. एका सल्लागारानं युरोपातल्या ‘डोरा’ कायद्याचं नाव घेऊन साडेअकरा लाखांचं कोटेशन पुढे केलं. त्यावर एक संचालक म्हणाले, "परिपत्रक आलंय का? नाही ना? मग आल्यावर बघू." तर आता सुरुवात करावी की थांबावं, करायची तर कुठून, आणि सल्लागाराचं काय करायचं, हा प्रश्न.

मी अकरा वर्षं एका बँकेच्या ईडीपी (संगणक) विभागात होते. त्यानंतर गेली तेरा वर्षं नागरी बँका आणि दोन-तीन छोट्या वित्त कंपन्यांचं आयएस ऑडिट (संगणक यंत्रणांची तपासणी) करते आहे. तेव्हा दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर बसून झालेलं आहे.

तुमचे संचालक अर्धे बरोबर आहेत, हे आधी कबूल करते. जो मसुदा हातात नाही त्याच्या कलमांना उत्तरं लिहीत बसणं म्हणजे बाजारात तुरी. तांत्रिकदृष्ट्याही ते खरं बोलत आहेत. आयटी सेवांच्या आउटसोर्सिंगबद्दलची रिझर्व्ह बँकेची दिशादर्शनं १० एप्रिल २०२३ ला आली, १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्यात नागरी बँकांच्या (मुख्यतः ठेवींवरून पाडलेल्या) चार टियरपैकी टियर ३ आणि टियर ४ च धरल्या होत्या. १०० कोटींच्या वर आणि १००० कोटींपर्यंत ठेवी असलेली तुमची बँक टियर २, म्हणजे बाहेर. आयटी गव्हर्नन्सची दिशादर्शनं ७ नोव्हेंबर २०२३ ची, १ एप्रिल २०२४ पासून लागू. त्यात नागरी बँका नव्हत्याच.

पण थोडं मागे जाऊन बघा. व्यापारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट जून २०१६ मध्ये आली. तेव्हा नागरी बँकांच्या बैठकांमध्ये "हे मोठ्या बँकांचं आहे" असंच म्हटलं जायचं, मी स्वतः ऐकलंय. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातल्याच कॉसमॉस या सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला. ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातले बरेचसे २८ देशांतल्या एटीएममधून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागरी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आली आणि ३१ डिसेंबर २०१९ ला चार पातळ्यांची सविस्तर. ती पातळी ठेवींवर ठरत नाही. बँकेचे डिजिटल व्यवहार किती खोलवर आहेत आणि ती पेमेंट यंत्रणेला कशी जोडलेली आहे यावर ठरते. साडेतीन वर्षांत वरच्या मजल्यावरचं पाणी तळमजल्यावर आलं. आउटसोर्सिंगचंही असंच होईल हे मी छातीठोक सांगणार नाही, पण बांधकाम तेच आहे.

आणखी एक गोष्ट संचालकांना दाखवा. ३० एप्रिल २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं ऑपरेशनल रिस्क आणि ऑपरेशनल रेझिलियन्सवर मार्गदर्शक टिपण काढलं. ते नागरी सहकारी बँकांनाही उद्देशून आहे, त्यात टियरची गाळणी नाही. टिपण असल्यामुळे त्याच्या आधारे लगेच दंड होत नाही, म्हणून बहुतेक बँकांमध्ये ते आवक-जावक रजिस्टरला नोंद होऊन फाइलमध्ये गेलं. पण पुढचा नियम काय विचारणार ते त्यात जवळजवळ लिहिलेलं आहे. तुमच्या महत्त्वाच्या सेवा कोणत्या, त्या किती वेळ बंद राहिल्या तर चालतील, त्या कशाकशावर उभ्या आहेत, त्यात बाहेरचे कोण, आणि हे सगळं तपासून पाहिलंय का.

‘डोरा’चं म्हणाल तर तो युरोपीय संघाचा कायदा, १७ जानेवारी २०२५ पासून लागू. हिंजवडी-खराडीतल्या ज्या कंपन्या युरोपातल्या बँकांचं काम करतात त्यांच्या करारांमध्ये तो आलाय. तुमच्या बँकेशी त्याचा कायदेशीर संबंध शून्य. त्यातली पाच अंगं वाचायला हरकत नाही: आयटी जोखमीचं व्यवस्थापन, घटना कळवणं, चाचण्या, बाहेरच्या पुरवठादारांची जोखीम आणि धोक्यांच्या माहितीची देवाणघेवाण. पण त्या नावावर साडेअकरा लाख देऊ नका.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुमचा स्वतःचा एटीएम स्विच (एटीएमचे व्यवहार मार्गी लावणारी यंत्रणा) आहे का, यूपीआय-आयएमपीएसला तुम्ही थेट सभासद आहात की प्रायोजक (तुमच्या वतीनं व्यवहार पुढे पाठवणाऱ्या) बँकेमार्फत, मोबाइल बँकिंग फक्त शिल्लक बघण्यापुरतं आहे की पैसे पाठवता येतात, यावर कामाचा क्रम बदलतो. स्वतःचा सर्व्हर असलेल्या बँकेला मी वेगळं सांगितलं असतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून स्विच तुमचा नाही आणि बाहेरचे व्यवहार प्रायोजक बँकेमार्फत होतात असं धरून चालते. चुकत असेन तर सांगा.

मला दिसते ती तुमची खरी अडचण अशी. बँकेचा कणा दुसऱ्याच्या इमारतीत आहे. तो मोडला तर किती वेळात पुन्हा उभा राहील, हे तुम्हाला आज कुणी विचारलं तर तुम्ही कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा सांगाल. ३१ जुलै २०२४ आठवा. सी-एज या तंत्रज्ञान पुरवठादारावर रॅन्समवेअरचा (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हल्ला झाला आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं त्या कंपनीला किरकोळ पेमेंटच्या यंत्रणेपासून तात्पुरतं तोडलं. देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. त्यातल्या बहुतेक बँकांच्या स्वतःच्या संगणकांना काहीही झालेलं नव्हतं! अँटीव्हायरस, फायरवॉल, पासवर्ड धोरण, सगळं जागच्या जागी. त्याआधी बाराच दिवस, १९ जुलैला, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे झाले होते, आणि त्यात तर हल्लेखोरही नव्हता.

मग सुरुवात कुठून? एक सेवा निवडा. एकच. सल्लागार तुम्हाला ४२ सेवांची यादी करायला लावील आणि यादी पूर्ण होईपर्यंत तुमचा कनिष्ठ सहकारी नोकरी सोडून जाईल. मी नागरी बँकांना नेहमी एकच सेवा सुचवते: ग्राहकानं शाखेत येऊन स्वतःच्या खात्यातले पैसे काढणं. यूपीआय बंद पडलं तर माणूस चिडतो आणि दुसऱ्या बँकेचं अॅप उघडतो. पण सहकारी बँकेच्या काउंटरवर "आज पैसे मिळणार नाहीत, सिस्टीम बंद आहे" असं ऐकलं की पुण्यातल्या ठेवीदाराच्या मनात दुसरंच काही येतं. निर्बंध आलेल्या बँकांच्या दारातल्या रांगा या शहरानं पाहिल्या आहेत. एका शाखेत मी हे घड्याळ लावून पाहिलंय. सकाळी पावणेअकराला लिंक गेली. साडेबाराला निवृत्त मंडळींची रांग पायरीपर्यंत आली होती. दोनच्या सुमारास शाखाधिकाऱ्यांना त्यांच्याच सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून विचारणा आली, "तुमच्या बँकेचं काही खरं नाही म्हणतात?"

म्हणून सेवा किती वेळ बंद चालेल याचं उत्तर तुमच्याकडे आयटी विभागात नाही. ते शाखाधिकाऱ्यांना माहीत असतं. तीन शाखाधिकाऱ्यांना बसवून विचारा: किती वाजेपर्यंत तुम्ही लोकांना चहा पाजून थोपवू शकता? त्या उत्तरातून अर्धा तास वजा करा, तो तुमचा आकडा. तो मंडळापुढे ठेवून ठराव करून घ्या. (संचालकांपुढे ‘आरटीओ’, म्हणजे ‘रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह’, हा शब्द वापरू नका. एका बैठकीत मी वापरला, तर एका ज्येष्ठ संचालकांनी संगम पुलाजवळच्या वाहन परवान्यांच्या कार्यालयाशी आपल्या बँकेचा काय संबंध असं गंभीरपणे विचारलं. ‘पुन्हा सुरू होण्याची मुदत’ म्हणा, सगळ्यांना कळतं.)

पुढची पायरी चालत जाऊन करायची. एक दोनशेपानी वही घ्या, शाखेत कॅशियरच्या शेजारी बसा आणि एका विड्रॉवल स्लिपचा पाठलाग करा. कोणत्या संगणकावर नोंद झाली, तो कुठल्या लाइनवर, लाइन कुठून बाहेर जाते, पासिंग (अधिकाऱ्याची मंजुरी) कोण करतं, त्याचं लॉगिन कशावर चालतं, सही कुठून दिसते, एसएमएस कोण पाठवतं. प्रत्येक ठिकाणी एकच विचारा, "हे नसेल तर?" टेबलावर बसून काढलेल्या आकृत्यांमध्ये जे कधीच सापडत नाही ते इथे सापडतं. एका बँकेनं दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन लाइन घेतल्या होत्या, दुप्पट भाडं भरत होती. वहीत लिहीत लिहीत आम्ही रस्त्यापर्यंत गेलो, तर दोन्ही केबल एकाच डक्टमधून! पावसाळ्याआधीच्या खोदकामात जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही गेल्या असत्या. दुसऱ्या एका ठिकाणी जनरेटर दर आठवड्याला पाच मिनिटं चालू करून रजिस्टरला सही व्हायची. पण चालवायचे ते भार न जोडता. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली, सर्व्हर रूमचा एसी आणि यूपीएस एकदम ओढायला लागले, आणि जनरेटरनं मान टाकली. तिसऱ्याचा मीटर आणि मेन स्विच तळघरात. सिंहगड रस्त्याला २५ जुलै २०२४ ला पाणी शिरलं त्यानंतर त्यांनी तो वर आणला, बँकेत पाणी आलं नव्हतं तरी. असले निर्णय मला आवडतात.

ही वही हाच तुमचा पहिला पुरावा. उद्या तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं विचारलं की महत्त्वाच्या सेवांचं मॅपिंग केलंय का, तर गुळगुळीत छापलेल्या अहवालापेक्षा तारीख-सही असलेली ही वही जास्त बोलते. माझा अनुभव तरी तसाच आहे.

आता डीआर ड्रिल, म्हणजे मूळ डेटा सेंटर बंद पडलं असं धरून पर्यायी (डीआर) सेंटरवरून काम चालवून पाहण्याची तालीम. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, आणि ती आपण आपलीच करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बँकेचं नाव सांगत नाही. शनिवारी डे-एंड (दिवसाचे हिशेब बंद) झाल्यावर रात्री साडेनऊला ड्रिल सुरू केलं. करारात लिहिलं होतं की दोन तासांत डीआरवरून कामकाज सुरू होईल. अकरा चाळीसला डीआर सर्व्हरवरून लॉगिनचा पडदा दिसला. कंपनीच्या माणसानं स्क्रीनशॉट काढला आणि म्हणाला, "मॅडम, झालं. दहाच मिनिटं जास्त लागली." मी म्हटलं, शंभर रुपये काढून दाखवा. त्यासाठी एका शाखेत एक क्लार्क आणि एक अधिकारी मुद्दाम थांबवले होते. क्लार्कनं नोंद केली. अधिकाऱ्यानं पासिंगसाठी बोट ठेवलं, यंत्र म्हणे ओळख पटत नाही. पुन्हा ठेवलं. बोट पुसून ठेवलं. बोटाचं काहीच चुकत नव्हतं. बायोमेट्रिकचा सर्व्हर फक्त मूळ डेटा सेंटरमध्ये होता, डीआरला त्याची प्रतच नव्हती. पासवर्डनं लॉगिन करू द्यायचं तर ती सोय अॅडमिननं उघडायला हवी. बँकेचा अॅडमिन गणपतीला गावी, राजापूरच्या पुढे, फोनला रेंज नाही. दुसरा अॅडमिन कागदावर होता, पण त्याचा पासवर्ड मुदत संपून गेलेला. शेवटी कंपनीच्या मुंबईच्या माणसाला झोपेतून उठवून दीड वाजता ते शंभर रुपये पास झाले. मग एसएमएस येईना. एसएमएस कंपनीला फक्त मूळ सेंटरचा आयपी पत्ता ठाऊक. एनईएफटीची फाइल प्रायोजक बँकेकडे जाईना, कारण तेच. सव्वातीनला आम्ही थांबलो. म्हणजे पावणेसहा तास झाले होते आणि तरी सगळं सुरू झालं नव्हतं.

सोमवारी कंपनीचा अहवाल आला. त्यावर लिहिलं होतं, ‘ड्रिल यशस्वी’. मी माझं वेगळं दोन पानी टिपण लिहिलं, वाजलेल्या वेळा टाकून, आणि सीईओंना म्हटलं हे मंडळापुढे ठेवा. ते घाबरले, तपासणीत शेरा येईल म्हणून. शेरा आला नाही. उलट आठ महिन्यांनी दुसरं ड्रिल केलं तेव्हा दोन तास पन्नास मिनिटांत शंभर रुपये, एसएमएस आणि एनईएफटी तिन्ही झालं, आणि पहिल्या टिपणाशेजारी दुसरं लावल्यावर बँकेनं काय सुधारलं ते कुणालाही वाचता येत होतं. मोठ्या बँकांना महत्त्वाच्या प्रणालींचं ड्रिल निदान सहा महिन्यांतून एकदा करावंच लागतं. तुम्ही वर्षातून दोनदा करा, त्यातलं एक तरी प्रत्यक्ष व्यवहार करून, आणि अॅडमिन रजेवर असताना.

बॅकअपबद्दल एवढंच सांगते. ‘बॅकअप यशस्वी’ हा रोजचा ईमेल पुरावा धरू नका. तिमाहीतून एकदा गेल्या ३१ मार्चचा बॅकअप वेगळ्या मशीनवर उतरवा, त्यातून तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकींचा तक्ता) काढा आणि लेखापरीक्षकांच्या सहीच्या ताळेबंदाशी ताडून बघा. पैसा न पैसा जुळला तर बॅकअप आहे.

आता करार. शीर्षकात जे लिहिलंय ते याबद्दल. परिपत्रक कधी येईल, त्याला मुदत किती असेल, तुमच्या टियरला लागू असेल का, यातलं काहीच तुमच्या हातात नाही. पण सीबीएस कंपनीशी झालेला करार कधी संपतो ती तारीख तुमच्या कपाटात आहे. कंपनी तुमचं ऐकते ते नूतनीकरणाच्या आधीचे पाच-सहा महिने. एकदा सही झाली की पुढची तीन किंवा पाच वर्षं प्रत्येक मागणी ‘चेंज रिक्वेस्ट’ होते आणि तिला दर लागतो. शिवाय असा विचार करा: परिपत्रक आलं की त्या कंपनीच्या सगळ्या ग्राहक बँका एकाच महिन्यात तीच कलमं मागायला जातील. कंपनी सगळ्यांना एकच छापील पुरवणी करार पाठवील, तिच्या सोयीचा, आणि मुदत डोक्यावर असल्यामुळे सगळे सही करतील. घासाघीस करायची ती आत्ताच.

मागायचं काय? टियर ३ आणि ४ च्या बँकांना जे करारात घालणं भाग आहे ते साधारण तुमच्याही उपयोगाचं. बँकेला आणि रिझर्व्ह बँकेला पुरवठादाराची तपासणी करण्याचा हक्क. घटना घडल्यावर किती तासांत तुम्हाला कळवणार, तासांत लिहा, ‘तातडीनं’ असं नको. कंपनीनं पुढे कोणाकोणाला काम दिलंय त्यांची नावं, आणि बदल झाला तर आधी सूचना. ड्रिलमध्ये भाग घेण्याचं बंधन, मघाशी सांगितलं तसल्या खऱ्या ड्रिलमध्ये. आणि सगळ्यात अवघड: तुम्ही कंपनी बदलायची ठरवलीत तर डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, किती पैशांत परत मिळणार. एका बँकेला मी हा प्रश्न करार चालू असताना विचारायला लावला. उत्तरादाखल कोटेशन आलं, ‘डेटा एक्स्ट्रॅक्शन चार्जेस’! स्वतःच्याच खातेदारांच्या नोंदी परत घ्यायचे पैसे. करारात एक ओळ नव्हती म्हणून.

तुम्ही म्हणाल, चौदा शाखांच्या बँकेला कोण विचारतं. खरं आहे, एकट्यानं गेलात तर फार नाही. पण त्याच कंपनीच्या ग्राहक असलेल्या पाच-सहा बँका तुमच्याच जिल्ह्यात असतील. त्यांचे आयटी अधिकारी असोसिएशनच्या प्रशिक्षणात भेटतातच. सगळ्यांनी मिळून एकच पत्र द्या. मी दोनदा हे होताना पाहिलंय. एकदा पाचपैकी तीन मागण्या मान्य झाल्या, एकदा नुसतं चहापाणी झालं.

घटना घडल्यावर कळवण्याचं मात्र ‘पुढे येईल तेव्हा बघू’ असं नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात, १८० दिवसांचे लॉग (यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदी) ठेवायचे असतात आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं प्रमाण वेळेशी जुळलेली लागतात. रिझर्व्ह बँकेला कळवणं त्याशिवाय. हे आजही लागू आहे, टियर कोणताही असो. घड्याळाचं कलम वाचून लोक हसतात. एका शाखेतल्या संशयास्पद लॉगिनचा तपास करताना सीसीटीव्हीचं घड्याळ सर्व्हरच्या अकरा मिनिटं पुढे निघालं, आणि खुर्चीवर नेमकं कोण होतं हे शेवटपर्यंत ठरलं नाही. एका निष्पाप क्लार्कनं त्यापायी दोन महिने चौकशी सोसली.

सहा तासांतला मोठा भाग ‘कोणाला विचारायचं’ यात जातो. कॉसमॉसवरचा पहिला घाव शनिवारी पडला होता, हे विसरू नका. शनिवारी दुपारी तुमच्याकडे तसं काही दिसलं तर जोडणी तोडायचा निर्णय कोण घेणार? सीईओ लग्नाला, अध्यक्ष फोन उचलत नाहीत. मंडळाचा एका परिच्छेदाचा ठराव करून घ्या: अमुक तीन पदांपैकी जो कोणी आधी उपलब्ध असेल तो बाहेरची जोडणी बंद करू शकतो, आणि शंका खोटी निघाली तरी त्याच्यावर कारवाई होणार नाही. दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं. ते नसेल तर कोणी हात लावत नाही. आणि फोन नंबरांची यादी कागदावर, घरी आणि बँकेत. ती फाइल सर्व्हरवर ठेवलेली आणि फाइल सर्व्हरच बंद, हा विनोद मी एकाहून अधिक बँकांमध्ये पाहिलाय.

सल्लागाराचं काय करायचं तेही विचारलंत. सर्ट-इनच्या यादीतल्या संस्थेकडून सुरक्षा चाचणी तुम्हाला करून घ्यावीच लागते, तो खर्च वेगळा आणि योग्य. बाहेरच्या माणसाला ड्रिलच्या रात्री निरीक्षक म्हणून बसवायलाही पैसे द्या, आपल्या माणसाला ‘झालं नाही’ असं लिहिणं जड जातं. धोरणांच्या कागदांसाठी लाखो देऊ नका. एका बँकेचं सायबर धोरण तपासताना सदतिसाव्या पानावर मला दुसऱ्याच बँकेचं नाव सापडलं होतं. त्या धोरणाला मंडळानं एकमतानं मंजुरी दिलेली होती.

तर पुढच्या मंडळाच्या बैठकीला तीन कागद न्या. पैसे काढण्याच्या सेवेची ठरवलेली मुदत, एका शाखेची वही, आणि सीबीएस कराराच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, संपण्याच्या तारखेभोवती लाल गोल करून. संचालकांना नियमाबद्दल काही सांगू नका. त्या तारखेआधी सहा महिने कोणती ते सांगा आणि ड्रिलसाठी एका शनिवारची परवानगी मागा. परवानगी फुकट असते, शक्यतो मिळते.

करार शोधलात की दोन गोष्टी मला इथेच कळवा: संपण्याची तारीख, आणि बाहेर पडण्याबद्दल एखादं कलम आहे का. तारीख सहा महिन्यांच्या आत असेल तर वहीचं काम पुढे ढकला आणि आधी कंपनीला पत्र द्या. पत्राचा मसुदा कसा करायचा ते मग सविस्तर लिहिते, कारण त्यात डेटाच्या स्वरूपाचं वाक्य नीट पडलं नाही तर पुन्हा कोटेशनच येतं.